पाणी न पिणारा कूलर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी दुपारी फुईकडे, म्हणजे आत्याकडे, पोचलो. अमळनेरहून पाऊण तासावर तिचं गाव. ओट्यावर चपला काढतोय तोच आतून आवाज आला, "कूलर बिघडी गया, भाऊ. माले उबारा व्हस." उबारा म्हणजे घामट उकाडा.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे नात्यातल्या प्रत्येक घरची बंद पडलेली वस्तू माझ्यासमोर हजर होते. मिक्सर, इस्त्री, रिमोट. शंभरातल्या नव्वद वेळा मला काही जमत नाही आणि शेवटी गावातला वायरमनच कामाला येतो. हे प्रकरण उरलेल्या दहांतलं निघालं, कारण यात दुरुस्त करायचं यंत्रच नव्हतं.

आधी खोली सांगतो, कारण दोष तिथेच होता. जुनं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं. चार वर्षांपूर्वी त्याचा पुढचा निम्मा भाग पाडून तिथे स्लॅबची खोली बांधली. लांबी चौदा फूट, रुंदी बारा, उंची दहा. एक दार माजघरात उघडतं. उत्तरेची खिडकी ओट्यावर, दक्षिणेची गल्लीत. मी गेलो तेव्हा दोन्ही खिडक्या बंद, आणि दक्षिणेच्या खिडकीला वर गोधडी टांगलेली, झळा येऊ नयेत म्हणून. दाराखालच्या फटीत ओलं पोतं कोंबलेलं. कोपऱ्यात कूलर, पाठ भिंतीपासून वीतभर लांब. पंखा जोरात फिरत होता, गवतावरून पाणी छान ओघळत होतं. आणि खोलीत शिरताच अंगाला जे लागलं ते खान्देशी वैशाखातलं नव्हतंच. थेट कोकणातलं.

मी येण्याआधी तीन उपाय होऊन गेले होते. मेकॅनिकने पंप बदलला. मग तिन्ही बाजूंचं गवत बदललं. मग नानांनी, म्हणजे फुवांनी, अमळनेरहून दहा किलोची बर्फाची लादी बारदानात गुंडाळून आणली आणि टाकीत सोडली. अर्धा तास सगळे खूश होते. पुन्हा तेच.

फुईची तक्रार मी शाळेतल्या सवयीने वहीत उतरवून घेतली. कूलर लावला की पहिली पंधरा-वीस मिनिटं बरं वाटतं. मग अंग चिकट होतं. चादर दमट लागते. काडेपेटी पेटत नाही. आणि एक गोष्ट ती सहज बोलून गेली: डब्यातले पापड सादळले.

वैशाखात, खान्देशात, पापड सादळले!

ज्या दिवसांत गच्चीवर टाकलेली कुरडई संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळते, त्या दिवसांत घरातला पापड नरम पडत असेल, तर त्या खोलीने गावाशी संबंध तोडून स्वतःचा वेगळा पावसाळा सुरू केला आहे हे उघड होतं. पण खरा पुरावा त्याच्याही पुढच्या वाक्यात होता, आणि तो फुईने कौतुक म्हणून सांगितला. गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. गल्लीतल्या बाकीच्यांचे कूलर दिवसाला तीन-तीन हांडे पितात. "आमचा मात्र गुणी आहे," ती म्हणाली, "सकाळी भरला की रात्रीपर्यंत टाकी तशीच."

जो कूलर पाणी पीत नाही, तो थंडही करत नाही. बाकीचा सगळा तपास या एका ओळीचा विस्तार आहे.

तपासणी

शाळेच्या प्रयोगशाळेतले दोन साधे थर्मामीटर माझ्या पिशवीत असतात. उन्हाळी शिबिरासाठी नेले होते, परत ठेवायचे राहिले होते. एकाच्या फुग्याला सुती चिंधी गुंडाळून ती ओली केली, दुसरा कोरडा ठेवला. आधी ओट्यावर, सावलीत, वहीने वारा घालत. कोरडा ४३ अंश, ओला २३. वीस अंशांची तफावत. मग दोन्ही आत आणले. कोरडा ३३, ओला ३१. तफावत दोन.

नाना खुर्चीवरून बघत होते. ते रेल्वेत गँगमन होते, सुरत-भुसावळ मार्गावर त्यांची उभी हयात गेली. आकडे ऐकून म्हणाले, "म्हणजे आत बाहेरपेक्षा दहा अंश थंड आहे. मग जीव का घाबरतो?"

प्रश्न अगदी बरोबर होता. कोरडा थर्मामीटर हवा किती गरम ते सांगतो. ओला त्याच्या किती खाली उतरतो ती तफावत सांगते, पाण्याला या हवेत उडायला किती वाव आहे. कूलर या तफावतीवर जगतो. माणसाचं घामेजलेलं अंगही तिच्यावरच जगतं. बाहेर ४३ अंशांत घाम येतो आणि आला तसा उडतो. कपाळाला हात लावला तर कोरडं. आत ३३ अंशांत घाम येतो आणि तिथेच बसून राहतो. खोली थंड झाली होती, पण त्या थंडीचा भाव म्हणून अंगाची थंड होण्याची सोयच तिने काढून घेतली होती.

हे नानांना पटलं. फुईला नाही. तिचं म्हणणं सरळ होतं: थंड हवा कूलरमधून येते, ती खोलीत साठवायची, म्हणून खिडक्या लावायच्या. मी गोधडी काढायला हात घातला तशी ती ओरडली, "थंड हवा बाहेर जास ना!" आणि खरं सांगायचं तर तिचं चूक नव्हतं, एसीच्या बाबतीत. एसी खोलीतली उष्णता उचलून नळीवाटे बाहेर टाकतो, म्हणून तिथे दार बंदच हवं. कूलर असं काही करत नाही. तो करतो काय, हे समजायला पाण्याच्या आत उतरावं लागतं.

घागर

या कामाला चिंगी उपयोगी पडली. चिंगी फुईची नात, नववीत. तिला घन, द्रव, वायू यांची व्याख्या मुखोद्गत: घनात कण जागच्या जागी थरथरतात, द्रवात एकमेकांवरून घसरतात, वायूत मोकाट धावतात. परीक्षेला एवढं पुरतं. मी विचारलं, मग तूप पातळ होतं तेव्हा कणांचं काय होतं? "कण वितळतात," ती म्हणाली. दोन कणांच्या मधल्या जागेत काय असतं? "हवा."

ही दोन्ही उत्तरं मला दरवर्षी मिळतात, हुशार मुलांकडूनही. कण वितळत नाही. तुपाचा रेणू घट्ट तुपात जेवढा असतो तेवढाच पातळ तुपात असतो. त्याची शेजाऱ्यांवरची पकड ढिली होते, इतकंच. आणि मधे हवा नसते, कारण हवा म्हणजेही कणच. मधे काहीच नसतं. हे 'काहीच नाही' मुलांना गिळवत नाही, आणि मोठ्यांनाही. डाल्ड्याचा डबा मे महिन्यात पातळ झाला की आतला माल बदलला असं आपल्याला वाटतं. बदललेली असते ती रचना. (वनस्पती तुपावरून आठवलं: विप्रो कंपनीची सुरुवात अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यातूनच झाली. तेलाच्या रेणूंच्या वाकड्या साखळ्यांना हायड्रोजन जोडला की त्या सरळ होतात, सरळ काटक्या मोळीत बसाव्यात तशा नीट रचल्या जातात, आणि पातळ तेल घट्ट होतं. तो सगळा धंदा कणांच्या रचनेवर उभा होता.)

माजघरात आखाजीच्या घागरी होत्या. पितरांच्या नावाने पुजलेली नवी घागर, वर खरबूज, सांजोरी, आंबा. पूजा झाली की ती उन्हाळाभर पिण्याच्या पाण्याला. पण या वेळी दोन होत्या. एक साधी, कुंभाराकडची. दुसरी चिंगीने हौसेने ऑइल पेंटने रंगवलेली, वर मोर काढलेला. दोन्ही सकाळी एकाच हांड्यातून भरलेल्या. साध्या घागरीतलं पाणी २६ अंश, मोरवालीतलं ३५.

माती तीच, पाणी तेच, माजघर तेच. रंगाने घागरीची छिद्रं बुजली होती, एवढाच फरक. साध्या घागरीला बाहेरून घाम होता, मोर कोरडा होता.

आता पाण्यातले रेणू. ते सगळे एका वेगाने फिरत नसतात, आणि सगळी गंमत इथेच आहे. ३० अंशांचं पाणी म्हणजे सरासरी ३० अंशांची गर्दी. तिच्यात काही सुस्त, बरेचसे मध्यम, आणि थोडे भन्नाट असतात. वेगांची ही वाटणी कशी असते ते वायूंसाठी मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने १८६० मध्ये गणिताने मांडलं. द्रवातही वाटणी असतेच. पृष्ठभागाशी आलेल्या एखाद्या भन्नाट रेणूला शेजाऱ्यांची ओढ तोडून वर निसटता येतं. तो गेला की मागे राहिलेल्यांची सरासरी उतरते. वर्गातली पहिली पाच मुलं दुसऱ्या शाळेत गेली तर वर्गाचा निकाल घसरतो, कोणाचेही गुण कमी न होता. सरासरी वेग उतरला म्हणजेच तापमान उतरलं. पाण्यात थंडावा कुठून आला नाही. गरम तेवढे निघून गेले.

यावर चिंगीने जो प्रश्न विचारला तो मला वीस वर्षांत वर्गात कोणी विचारला नव्हता. "काका, मग ते वेगवान कण खोलीतच आले ना? खोली गरम नाही का होणार?"

मी थोडा वेळ गप्प बसलो. नंतर सारंगखेड्याची यात्रा आठवली. दत्तजयंतीला घोड्यांच्या बाजारात अशी गर्दी असते की मधोमध सापडलेल्या माणसाला बाहेर यायचं तर अंगात दम हवा. दमदार असतो तोच निघतो. पण बाहेर येईपर्यंत रेटारेटीत त्याचा दम संपलेला असतो. उसाच्या गाड्यापाशी तो इतरांसारखाच धापा टाकत उभा. रेणूचंही तेच. आत असताना तो वेगवान होता, म्हणून सुटला. सुटताना शेजाऱ्यांच्या ओढीशी झगडण्यात त्याचा जादा वेग खर्च झाला. हवेत येतो तो तिथल्या सर्वसाधारण वाफेच्या रेणूसारखाच. खर्च झालेली ऊर्जा नाहीशी झालेली नाही. 'सुटं असणं' या रूपात ती त्याच्यापाशी जमा आहे. आणि तो जर पुन्हा पाण्यात परतला, तर शेजारी त्याला ओढून घेतात, त्याचा वेग वाढतो, आणि जमा ऊर्जा उष्णता म्हणून परत मिळते. फुईच्या खोलीचा निकाल या शेवटच्या वाक्यावर लागतो.

बंद खोलीचा हिशोब

एक लिटर पाणी खोलीच्या तापमानाला उडायला साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. बरा चालणारा लहान कूलर तासाला पाच लिटर उडवतो. म्हणजे तासाला १२,००० किलोज्यूल. एक टनाचा एसी तासाभरात जेवढी उष्णता खेचतो त्याच्या आसपास. कूलरचा बराचसा थंडावा हवेबरोबर बाहेर जातो ही गोष्ट वेगळी, पण ताकद कमी नाही.

आता खोली. १४ × १२ × १० फूट म्हणजे सुमारे ४८ घनमीटर हवा. ३३ अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३६ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. सगळ्या खोलीत मिळून १.७ किलो. त्यातली चारशे ग्रॅम आधीपासूनच हवेत होती. उरला वाव सव्वा किलोचा, म्हणजे सव्वा लिटर पाण्याचा.

तासाला पाच लिटर उडवणारं यंत्र सव्वा लिटरचा वाव किती वेळात संपवेल? पंधरा मिनिटांत. फुई घड्याळ न बघता "पंधरा-वीस मिनिटं" म्हणाली होती.

'मावते' हा शब्द मी वापरला खरा, पण तो फसवा आहे. हवा म्हणजे काही पिशवी नव्हे, भरली की बंद. खरं घडतं ते असं. गवतावरच्या पाण्यातून रेणू सुटतच असतात, थांबत कधीच नाहीत. पण खोलीत सुटे रेणू जसजसे वाढतात तसतसे भरकटत येऊन पुन्हा गवतावर आदळणारेही वाढतात. आदळले की बहुतेक चिकटतात. शेवटी जितके निघाले तितकेच परतले, अशी वेळ येते. आखाजीला गावाची जी स्थिती असते तीच. प्रत्येक घरची लेक माहेरी आलेली, प्रत्येक घरची सून माहेरी गेलेली. एसटीत उभं राहायला जागा नाही, आणि गावातली डोकी मोजली तर जवळपास तेवढीच. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल काही हललंच नाही. टाकीची पातळी अशीच हलत नव्हती. जाणारे रेणू जेवढी उष्णता नेत, परतणारे तेवढीच आणून देत.

बर्फानेही का साथ दिली नाही, ते आता उमगतं. बर्फात पाण्याचे रेणू एकमेकांना जाळीसारखे धरून जागच्या जागी थरथरत असतात. ती जाळी मोडायला किलोला ३३४ किलोज्यूल लागतात. पकड ढिली करायला एवढं. पण ती पूर्ण तोडून रेणूला हवेत सोडायला त्याच्या सातपट. दहा किलोची लादी वितळून तिचं पाणी ३० अंशांवर येईपर्यंत सगळे मिळून ४,६०० किलोज्यूल शोषते. दोन लिटरहूनही कमी पाणी नुसतं उडालं असतं तरी तेवढंच काम झालं असतं. नाना स्कूटरवर दहा किलो वजन वाहून आणत होते ते खिडकी उघडून होणाऱ्या कामासाठी. त्यातही, त्या दमट खोलीत बर्फाचं पाणी गवतावर पडलं की वाफ उलट तिथेच पाणी होऊन परतू लागली असणार, आणि प्रत्येक परतणारा रेणू आपली उष्णता गवताला देऊन जाणार. थंड पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच. फुई म्हणाली होती की बर्फ टाकल्यावर टाकी उलटी भरल्यासारखी वाटते. मी आधी तिला बर्फ वितळल्यामुळे म्हणून झटकलं. तेवढंच कारण नसावं.

वर स्लॅब होताच. घनातले अणू जागा सोडत नाहीत, पण थरथर शेजाऱ्याला देतात. दुपारचं ऊन काँक्रीटच्या वरच्या थराला हलवतं, तो खालच्याला, तो त्याच्याखालच्याला, आणि दिवेलागणीला ती थरथर छताच्या खालच्या अंगाला पोचून खोलीत उतरते. धाब्याच्या मातीत पोकळ्या पुष्कळ, त्यामुळे हा निरोप सावकाश आणि अर्धवट पोचायचा. कोणी काही म्हणो, धाब्याचं घर पाडताना आपण काय पाडतोय याचा हिशोब खान्देशात कोणी केला नाही. मीही केला नाही, आमचंही गेलं.

'थरथर' हा शब्द नानांना लगेच भावला. लोखंड तापलं की वाढतं हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. जुन्या रुळांच्या दोन तुकड्यांत फट ठेवत. १३ मीटरच्या रुळाला ५० अंशांचा फरक पडला तर तो जवळजवळ ८ मिलिमीटर लांबतो. वैशाखात दुपारी गस्त असायची, रूळ कुठे वाकला नाही ना हे बघायला. पण का वाढतं, हे त्यांनी पन्नास वर्षांत कोणाला विचारलं नव्हतं. मी सांगितलं: अणू जोरात थरथरू लागला की त्याला कोपर पसरायला जागा लागते. दाबून जवळ जायला जितका विरोध होतो तितका लांब जायला होत नाही, म्हणून सरासरी अंतर वाढतं. ते थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे आम्ही अणूंना श्वास घ्यायला जागा ठेवत होतो." याहून चांगलं मला वर्गात सांगता आलेलं नाही.

या सगळ्या विचाराचा एक धागा मुंबईत आहे, आणि तो आपल्या पुस्तकांत क्वचित येतो. वायूचा दाब म्हणजे भिंतीवर आदळणाऱ्या कणांचा मारा, असं डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्येच लिहिलं होतं, पण ते मागे पडलं. पुढे जॉन जेम्स वॉटरस्टन नावाचा स्कॉटिश माणूस १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी विद्यार्थ्यांना शिकवायला मुंबईत आला. शिकवून उरलेल्या वेळात त्याने कणांच्या गतीवरून वायूंचं वागणं काढून दाखवलं आणि १८४५ मध्ये निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडला. परीक्षकाने शेरा मारला की हा निव्वळ मूर्खपणा आहे. निबंध दप्तरात गेला. मूळ प्रत परत मिळाली नाही, आणि वॉटरस्टनने दुसरी ठेवली नव्हती. तो १८८३ मध्ये वारला. लॉर्ड रॅले यांना ते कागद दप्तरात सापडले आणि १८९२ मध्ये छापले गेले. तोवर तीच गोष्ट मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन यांच्या नावावर जमा झाली होती. मुंबईच्या घामट उकाड्यात बसून ज्याने रेणूंच्या वेगाचा विचार केला, त्याला तो विचार सुचायला तो उकाडा कारण झाला का, हे सांगता येणार नाही. मला आपलं तसं वाटून घ्यायला आवडतं.

उपाय, आणि त्यात झालेली माझी चूक

मी तावातावाने गोधडी काढली, दक्षिणेची खिडकी उघडली आणि कूलर होता तिथेच ठेवला. अर्ध्या तासाने थर्मामीटर पाहिले. कोरडा ३५, ओला ३०. किंचित फरक, पण खोली आता दमटही आणि गरमही. फुईने काही म्हटलं नाही. न बोलण्यातही फुई बरंच बोलते.

चूक काय झाली ते नंतर लक्षात आलं. मी गृहीत धरलं होतं की खिडकी उघडली की वाफ आपोआप जाईल. वाफेच्या रेणूचा या तापमानाला वेग सेकंदाला साडेसहाशे मीटर. या हिशोबाने तो एका सेकंदात गावाबाहेर असायला हवा. पण त्याला सरळ जाऊ देतं कोण? हवेत एक रेणू मिलिमीटरचा दहा हजारावा भाग जाईपर्यंतसुद्धा दुसऱ्यावर आदळतो आणि दिशा बदलतो. अशा धडका सेकंदाला अब्जावधी. देवघरात उदबत्ती लावली की ओट्यावर वास यायला मिनिटं लागतात, त्याचं कारण हेच. धावणं प्रचंड, पोचणं थोडं. एकेकट्या रेणूच्या भरवशावर खोली रिकामी होत नाही. सगळ्या हवेलाच एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर ढकलावं लागतं.

मग नाना, मी आणि शेजारचा एक मुलगा यांनी मिळून कूलर ओट्यावर नेला. उत्तरेच्या खिडकीला बाहेरून लावला, तोंड खोलीत, पाठ मोकळ्या कोरड्या हवेला. दाराखालचं पोतं काढलं. दक्षिणेची खिडकी वीतभर उघडी ठेवली. फार उघडली तर झळ आत येते. वीतभर असली की आतली हवाच जोराने बाहेर निघत राहते आणि झळेला शिरायला वाट मिळत नाही. फटीसमोर हात धरला की कळतं. फुईने हात धरून पाहिला, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला.

कूलरच्या तोंडाशी २८ अंश. तासाभराने खोलीच्या मध्यावर ३१. स्लॅब त्याच्या खाली येऊ देईना. कोरड्या-ओल्यातली तफावत सहा. आकडा आधीच्या ३३ पेक्षा फक्त दोननेच कमी, पण नाना खुर्चीतच झोपले. चादर कोरडी. दुसऱ्या दिवशी फुईने पापडाचा डबा उन्हात ठेवला आणि संध्याकाळी एक मोडून पाहिला. कडकन मोडला.

पाण्याचा प्रश्न

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण दुपारी बारा ते पाच चाललेल्या कूलरने पंचवीस लिटर पाणी प्यायलं, आणि फुईने टाकीत डोकावून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या घरी आणखी एक म्हैस बांधली. नळ चार दिवसांनी. पिण्याचं पाणी कूलरला घालायचं?

मला याचं उत्तर विज्ञानात सापडलं नाही. जेवढं उडेल तेवढंच थंड होईल. याच्यात सूट मिळत नाही. बोअरचं पाणी घालता येतं, पण ते खारट. पाण्याचा रेणू उडतो, मिठाचा नाही. क्षारांचे कण इतके घट्ट बांधलेले की वैशाखाच्या उन्हाला त्यांना हवेत उचलता येत नाही. ते गवतावर पांढरे थर होऊन बसतात आणि पंधरा दिवसांत गवत दगडासारखं होतं. उपाय एवढाच की टाकीतलं खारं होत गेलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून द्यायचं आणि गवत धुवायचं. ओतलेलं पाणी झाडांनाही चालत नाही. फुईला हे ओतणं अजून मान्य नाही.

तिने स्वतःचा हिशोब बसवला. कूलर सकाळी नाही, रात्री नाही. जेवणं झाली की बारा साडेबाराला सुरू, चहाच्या वेळी बंद. बोअरचे दोन हांडे, त्यात जे होईल ते. रात्री सगळे गच्चीवर झोपतात, पूर्वी झोपायचे तसेच. मोरवाली घागर शोभेला ठेवली आहे, पाणी साध्या घागरीतलं पितात. चिंगीने पुढच्या आखाजीला घागरीच्या फक्त गळ्याला रंग द्यायचं कबूल केलं आहे.

आषाढात तिचा फोन आला. पाऊस लागला होता. कूलर पुन्हा तसाच करतोय, अंग चिकटतं, टाकी भरलेली. "आते काय करानं?"

मी पिशवीतले थर्मामीटर काढून अंगणात धरले. आमच्याकडेही पाऊसच होता. कोरडा २९, ओला २७. तिला सांगायला लागलो की आता सगळं गावच बंद खोलीसारखं झालं आहे, बाहेरच जागा उरलेली नाही, म्हणून फक्त पंप बंद कर आणि नुसता पंखा—

तिने मधेच तोडलं. पंप तिने परवाच बंद केला होता. टाकीतल्या पाण्याचं काय करायचं, ते तिला विचारायचं होतं.